घोडा सुटावा आणि घोडेवाल्याची चूलही पेटती राहावी

गेल्या उन्हाळ्यात आमच्या पुतण्याचा मंगल परिणय मिरजेत झाला. त्रिसरण-पंचशील झाले, वधूवरांनी प्रतिज्ञा घेतल्या, अर्ध्या तासात सारे साधेपणाने पार पडले. पण वरात म्हटली की तरुण मंडळींच्या अंगात येते. डीजे आला, फटाक्यांच्या माळा आल्या आणि नवरदेवासाठी पांढरा घोडा आला.

चौकात वरात थांबली. पोरांनी घोड्याच्या पुढ्यातच माळ लावली. घोडा बिथरला, डांबरी रस्त्यावर त्याचे पुढचे पाय घसरले आणि तो गुडघ्यांवर आला. नवरदेव पडता पडता वाचला. चारजण "ए, उठव त्याला लवकर!" म्हणून घोडेवाल्यावर ओरडले. तो पन्नाशीचा माणूस काही बोलला नाही. खाली बसला, घोड्याच्या सोललेल्या गुडघ्यावर डोक्याचा रुमाल बांधला आणि हळूच म्हणाला, "साहेब, सकाळपासनं ही तिसरी वरात हाय. ह्याला दुपारपासनं पाणी नाही."

आम्ही जरा रागानेच विचारले, "मग तिसरी वरात घेतली कशाला?"

तो म्हणाला, "सीझन दोन महिन्यांचा. बाकीचे दहा महिने ह्याला चंदी कुठनं घालू, आणि पोरांना भाकरी कुठनं घालू?"

त्या रात्री घरी आल्यावर आमच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने विषय काढला. "अण्णा, यापुढे आपल्या घरच्या लग्नात घोडा आणायचा नाही." तोच कोपऱ्यात बसलेल्या आमच्या आत्याबाई कडाडल्या. त्यांचे वय पंच्याऐंशीच्या पुढे. "आरं, माझ्या बापाची गावच्या वेशीतनं घोड्यावर बसून जायची टाप न्हवती. आज माझा नातू बसला, तर तुमच्या पोटात का दुखतंय?"

घरात एकदम शांतता पसरली. मुलगी खोटे बोलत नव्हती आणि आत्याबाईही खोटे बोलत नव्हत्या. घोडेवाला तर मुळीच खोटे बोलत नव्हता. वाचकहो, या तिघांचे म्हणणे एका ठिकाणी कसे बसवायचे, यासाठीच हा लेखप्रपंच.

टांगा थांबला, टांगेवाल्याला कोणी विचारले?

आमच्या वयाच्या माणसांना टांगा चांगला आठवतो. सातारचे रेल्वे स्टेशन शहरापासून दूर, माहुलीच्या बाजूला. गाडीतून उतरले की गावात यायला टांगा. मिरज स्टेशनात उतरणारा खेड्यापाड्यातला रोगी डॉ. वानलेस यांच्या मिशन हॉस्पिटलात पोचायचा तो टांग्यातूनच. त्याही आधीच्या काळात महाबळेश्वरला हवा खायला जाणारे साहेबलोक वाठार स्टेशनवर उतरत आणि टांग्याने वाई गाठून पसरणीचा घाट चढत. घाट चढायचा घोड्याने, हवा खायची साहेबाने, असा तो हिशेब होता.

मग रिक्षा आली, एसटी गावोगाव गेली आणि टांगा मागे पडला. आपल्याकडे टांगा बंद करा म्हणून कोणी मोर्चा काढला नाही. तो धंद्यानेच मेला. आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे, ज्या टांगेवाल्याजवळ चार पैसे होते त्याने रिक्षा घेतली आणि ज्याच्याजवळ नव्हते तो हमालीला लागला. घोडा बाजारात गेला, पुढे तो कुठे गेला हे कोणी विचारले नाही. टांगेवाल्यालाही कोणी विचारले नाही.

म्हणजे कोणी चळवळ केली नाही म्हणून टांगेवाला वाचला, असे काही झाले नाही. चळवळ नसली की माणूस आणि जनावर दोघेही गुपचूप मरतात. ही गोष्ट आधी नीट लक्षात घेतली पाहिजे, कारण घोडे सोडवण्याची भाषा कोणी काढली की "गरिबाच्या पोटावर पाय देता का?" असा सवाल हमखास येतो.

आज आपल्या दोन जिल्ह्यांत घोडा दिसतो तो पाचगणीच्या टेबल लँडवर, महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी, लग्नाच्या वरातीत आणि मिरवणुकीच्या रथाला. गरजेची वाहतूक त्याच्याकडून गेली, राहिली ती हौस. उसाच्या हंगामात साखर कारखान्यांकडे गाड्या ओढणाऱ्या बैलांची कथा निराळी, पण दुखणे तेच. सांगलीत २००३ सालापासून 'अॅनिमल राहत' ही संस्था अशा कामकरी बैल-घोडे-गाढवांवर उपचार करते आणि बैलांच्या मानेवरचे ओझे यंत्राकडे जावे म्हणून खटपट करते. तेव्हा हा विषय मुंबईच्या श्रीमंतांचा नाही, आपल्या दारातला आहे.

मसूरची गाडी, चाळीसगावचा टांगा

आत्याबाईंच्या बोलण्याचे मूळ कुठे आहे हे आपल्या समाजाला सांगायला नको. गाडी, घोडा आणि लगाम यांच्याशी आपले नाते साधे नाही.

१९०१ सालची गोष्ट. बाबासाहेब तेव्हा साताऱ्यात शिकणारे लहान मूल. वडील सुभेदार रामजी खटाव तालुक्यातल्या गोरेगावला नोकरीवर. दुष्काळी लोकांना काम मिळावे म्हणून तिथे तलावाचे खोदकाम चालू होते, त्यावर ते खजिनदार होते. सुट्टीत वडिलांना भेटायला बाबासाहेब, त्यांचे थोरले भाऊ आणि बहिणीची मुले अशी चिमुकली मंडळी नवे कपडे घालून रेल्वेने मसूर स्टेशनवर उतरली. न्यायला कोणी आले नव्हते. मुले महाराची आहेत असे कळताच स्टेशन मास्तर मागे सरला. गाडीवान बाहेर उभे होते, पण विटाळ नको म्हणून कोणी गाडी जुंपेना. शेवटी दुप्पट भाड्यावर एकजण तयार झाला, तोही या अटीवर की गाडी मुलांनीच हाकायची आणि तो बाजूने पायी चालणार. रात्रभर पाण्याचा थेंब न मिळता मुले दुसऱ्या दिवशी गोरेगावला पोचली.

या प्रवासात एक गोष्ट आम्हाला नेहमी खुणावते. बैलांनी जात विचारली नाही. जात विचारली ती माणसाने. बैलांनी त्या लेकरांना मुकाट्याने वाहून नेले.

दुसरी गोष्ट १९२९ सालची. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सभासद म्हणून बाबासाहेब खानदेशात गेले होते. धुळ्याहून परतताना चाळीसगावला उतरले. महारवाड्यातल्या लोकांनी रात्रीचा मुक्काम करायला लावला. आपल्या साहेबांना पायी न्यायचे नाही, टांग्यातूनच न्यायचे, ही त्यांची इच्छा. पण स्टेशनवरचा एकही टांगेवाला महाराला बसवून टांगा हाकायला तयार होईना. अखेर टांगा मिळाला, हाकणारा मिळाला नाही. तेव्हा आपल्यातल्याच एकाने लगाम धरला. त्याने जन्मात कधी टांगा हाकलेला नव्हता. नदीवरच्या पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, पायाचे हाड मोडले. घोडा आणि टांगा पुलावरून खाली नदीत गेले.

बाबासाहेबांच्या पायाचे दुखणे आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. नदीत पडलेल्या त्या घोड्याचे काय झाले, हे आपण कधी विचारले नाही. विचारायला हवे होते असे आता वाटते. अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा त्या रात्री बाबासाहेबांना झाली आणि ज्याला जात म्हणजे काय हे ठाऊकच नाही अशा एका जनावरालाही झाली.

हे जुने झाले म्हणावे, तर तसेही नाही. २०१८ साली गुजरातच्या भावनगर जिल्ह्यात एका दलित तरुणाचा खून झाला. त्याने घोडा पाळला, तो घोड्यावर बसतो, हेच गावातल्या काहींना सलत होते, असे त्याच्या घरच्यांनी पोलिसांना सांगितले. त्याच वर्षी उत्तर प्रदेशातल्या कासगंज जिल्ह्यात एका दलित नवरदेवाला गावातून वरात काढता यावी म्हणून अलाहाबाद उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले आणि शेवटी पोलीस बंदोबस्तात वरात निघाली. अशा देशात आत्याबाईंनी आपल्या नातवाला घोड्यावर पाहून डोळ्यांत पाणी आणले, तर त्यांना हसणारे आम्ही कोण?

त्यांचा हक्क खराच आहे. फक्त एवढेच म्हणावेसे वाटते की तो हक्क घोड्याने हिरावून घेतला नव्हता. मग त्याची किंमत घोड्याने का मोजावी?

मुक्या जनावराचे दुखणे

घोड्याचे एक वैशिष्ट्य आहे. त्याचे दुखणे चटकन दिसत नाही. कुत्रा विव्हळतो, गाय हंबरते, पण घोडा सहन करीत उभा राहतो. रानात शिकार होणाऱ्या जनावराने आपली दुर्बलता दाखवली तर वाघ त्यालाच आधी धरतो. घोड्याचा तो जुना स्वभाव माणसाच्या दारातही सुटलेला नाही. म्हणून "घोडा तर मजेत उभा आहे" असे आपल्याला वाटते.

त्याचे खूर मातीसाठी घडलेले आहेत. डांबरावर आणि सिमेंटवर नाल ठोकलेले पाय आपटत दिवस काढला की सांधे दुखावतात, पाय घसरतात. त्याला दिवसाला बादल्याच्या बादल्या पाणी लागते. त्याचे पोट थोडे थोडे, सारखे खाण्याचे. आपण मात्र त्याला तासन्‌तास उपाशी ठेवतो आणि मग एकदम तोबरा चढवतो. घोड्याला उलटी होत नाही. त्यामुळे पोटशूळ उठला की तो जिवावर बेततो. आणि त्याचे कान असे तिखट की दूरची चाहूल त्याला लागते. त्या कानांशी आपण डीजेची भिंत उभी करतो.

कायदा आहे का? आहे. १९६० साली प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध करणारा कायदा झाला. ओझे ओढणाऱ्या आणि वाहणाऱ्या जनावरांसाठी १९६५ साली नियम झाले. त्यानुसार दिवसात एकूण ९ तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. विश्रांती न देता सलग ५ तासांहून जास्त जुंपता येत नाही. जिथे पारा ३७ अंशांच्या वर जातो, तिथे दुपारी १२ ते ३ या वेळेत काम घेण्यास बंदी आहे. गाडीत चालक आणि सहा वर्षांखालची मुले सोडून चारांपेक्षा जास्त माणसे बसवता येत नाहीत. काटे असलेला लगाम वापरणे गुन्हा आहे. आता एप्रिल-मे महिन्यातली सांगली-मिरजेची दुपार आठवा आणि हे नियम किती पाळले जातात ते तुम्हीच सांगा.

पण नियम पाळले जात नाहीत याचा दोष एकट्या घोडेवाल्यावर टाकणे सोपे आहे. बारा महिन्यांची भाकरी दोन महिन्यांत कमवायची असली की माणूस स्वतःला पिळतो आणि जनावरालाही पिळतो. घड्याळ लावून नऊ तास मोजण्याची चैन त्याला परवडत नाही. म्हणूनच आमचे मत असे झाले आहे की नियम कडक करून हा प्रश्न सुटायचा नाही. घोड्याला या कामातून मोकळेच केले पाहिजे. आणि मोकळे करताना त्याच्या मालकाला आणि चालकाला वाऱ्यावर सोडता कामा नये.

मुंबईच्या व्हिक्टोरिया

मुंबईत हा लढा कोर्टात लढला गेला. राणीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्हिक्टोरिया घोडागाड्या म्हणजे जुन्या मुंबईची शान. गेटवे ऑफ इंडिया, मरीन ड्राइव्ह भागात चांदीसारखी सजवलेली गाडी पाहिली की खेड्यातून गेलेला माणूस बघत राहायचा. पण या गाड्याही वाहतुकीच्या राहिल्या नव्हत्या, फेरफटक्याच्या झाल्या होत्या. चकाकणाऱ्या गाडीमागे गर्दीचे, घाणीचे तबेले होते.

अॅनिमल्स अँड बर्ड्स चॅरिटेबल ट्रस्ट या संस्थेने व इतरांनी जनहित याचिका केली. ८ जून २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्या. अभय ओक आणि न्या. ए. के. मेनन यांनी निकाल दिला. निव्वळ मौजेखातर घोडागाड्या चालवणे बेकायदा ठरले. तबेल्यांना परवाने नसल्याचेही निकालात आले. एका वर्षात हा धंदा टप्प्याटप्प्याने बंद करा, असे सरकारला सांगितले गेले. मात्र न्यायालय तेवढ्यावर थांबले नाही. ज्यांची पोटे यावर चालतात त्यांच्या पुनर्वसनाची योजना आखा, हेही त्याच निकालात सांगितले.

आमच्या मते या निकालाचे खरे मोल या दुसऱ्या भागात आहे. आपल्या सांगली-साताऱ्याच्या टांगेवाल्याला जे कधी मिळाले नाही, ते मुंबईच्या चालकाला निदान कागदावर तरी मिळाले. कोणीतरी कोर्टात गेले, म्हणूनच ते मिळाले.

पण कागद आणि भाकरी यांत अंतर असते. २०१७ साल उजाडले तरी पुनर्वसनाचा प्रश्न कोर्टापुढे होताच. सरकारने केलेल्या यादीत ९१ मालक आणि १३० चालक होते. एकरकमी मदत किंवा फेरीवाल्याचा परवाना, असा पर्याय पुढे आला. या यादीतला १३० हा आकडा ध्यानात ठेवावा. एरवी नुकसानभरपाई मिळते ती मालकाला. गाडी हाकणारा, खरारा करणारा, तबेल्यात झोपणारा नोकर माणूस कोणाच्या यादीत नसतो. इथे तो यादीत आला. पुढे मार्च २०२१ मध्ये विजेवर चालणाऱ्या व्हिक्टोरिया मुंबईच्या रस्त्यावर आणण्यात आल्या. गाडी तीच, शोभा तीच, पुढे घोडा मात्र नाही.

जगातही हाच वारा वाहतो आहे. कॅनडातल्या माँट्रियल शहराने २०१९ सालाअखेर घोडागाड्या थांबवल्या. अमेरिकेतल्या शिकागो शहरात १ जानेवारी २०२१ पासून त्या बंद झाल्या.

माथेरानला तर माणूसच जुंपलेला

घोड्याची दया येते आणि माणसाची येत नाही, असा आरोप प्राणिमित्रांवर होतो. काही वेळा तो खराही असतो. माथेरानचे उदाहरण पाहा. तिथे मोटारींना बंदी. पर्यटक जायचे ते घोड्यावर, नाहीतर माणसाने ओढलेल्या हातरिक्षात. अशा ९४ हातरिक्षा. चढावर एक माणूस ओढायचा, दुसरा मागून ढकलायचा आणि आत तिसरा माणूस बसलेला असायचा. घोड्याच्या जागी माणूस.

६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. खंडपीठाच्या प्रमुखपदी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई होते. माणसाने माणसाला ओढावे हे संविधानातल्या मानवी प्रतिष्ठेला धरून नाही, ही त्या निकालाची भूमिका. पण तिथेही न्यायालयाने पोटाचा विचार सोडला नाही. सरकारने ई-रिक्षा घेऊन त्या खऱ्या हातरिक्षावाल्यांनाच चालवायला द्याव्यात, पैसा नाही ही सबब सांगू नये, असे बजावले. १९८० साली अमृतसरच्या सायकलरिक्षावाल्यांच्या प्रकरणात न्या. कृष्णा अय्यर यांनीही हाच रस्ता दाखवला होता. बंदी घालायची तर आधी ओढणाऱ्याला कर्ज द्या, त्यालाच मालक करा.

माथेरानात ई-रिक्षाला विरोध कोणाचा होता? घोडेवाल्यांच्या संघटनांचा. त्यांना वाटले, रिक्षावाल्याला रिक्षा मिळेल, आमचे काय? गरीब गरिबाच्या आड येतो तो असा. एकाला वाट दिली आणि दुसऱ्याला दिली नाही की तो वाटेतच आडवा पडणार. पाचगणी-महाबळेश्वरच्या घोड्यांचा विचार करताना हा धडा विसरून चालणार नाही.

पागेतून हॉटेलात

पुनर्वसन हा शब्द नवा असेल, गोष्ट नवी नाही. ती आपल्या शेजारच्या कोल्हापुरात घडलेली आहे. गंगाराम कांबळे हे राजर्षी शाहू महाराजांच्या पागेत घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार. सवर्णांच्या हौदाचे पाणी शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांना कळले तेव्हा त्यांनी मारणाऱ्यांना शासन केलेच, पण गंगारामांना नुसता न्याय देऊन परत पागेत पाठवले नाही. स्वतंत्र धंदा कर म्हणाले, भांडवल दिले. गंगारामांनी हॉटेल काढले. महारांच्या हातचा चहा प्यायला कोण येणार? तेव्हा खुद्द महाराज लवाजम्यासह तिथे जाऊन चहा प्याले.

यात तीन गोष्टी आहेत. भांडवल दिले, धंदा दिला आणि गिऱ्हाईकही दिले. सरकार फार तर पहिली गोष्ट देते. तिसरी गोष्ट देणे समाजाच्या हातात असते. उद्या घोडा सोडून कोणी ई-रिक्षा घेतली, चहाची गाडी टाकली, तर पहिले गिऱ्हाईक आपण झाले पाहिजे.

दीघनिकायात कूटदंत सुत्त आहे. कूटदंत ब्राह्मण शेकडो जनावरे यज्ञाला बांधून बुद्धांकडे सल्ला विचारायला येतो. बुद्ध त्याला एका जुन्या राजाच्या यज्ञाची गोष्ट सांगतात. त्या यज्ञात एकही जनावर मारले गेले नाही आणि एकाही नोकराला काठीच्या धाकाने, रडत रडत राबावे लागले नाही. यज्ञाआधी राजाने शेतकऱ्याला बी दिले, व्यापाऱ्याला भांडवल दिले, नोकराला पगार दिला. बघा, जनावराचे दुःख आणि मजुराचे दुःख तथागतांनी एकाच ठिकाणी सांगितले. गोष्ट ऐकून कूटदंताने बांधलेली सारी जनावरे सोडून दिली. आमच्या मुलीचे म्हणणे, घोडेवाल्याचे म्हणणे, दोन्ही त्या गोष्टीत आहेत.

आपण काय करावे?

बंधू-भगिनींनो, नुसते हळहळून काही होत नाही. आपल्या हातात आहे ते सांगतो.

पहिले, घरच्या मंगल परिणयात घोडा आणू नये. नवरानवरीने बरोबरीने पायी चालावे, नाहीतर फुलांनी सजवलेल्या रिक्षात बसावे. त्यात मान कमी होत नाही, उलट नवरी मागच्या गाडीत आणि नवरा उंचावर, हा भेदही मिटतो.

दुसरे, १४ एप्रिलच्या मिरवणुकीत रथाला घोडे जुंपू नयेत. मंडळांनी बैठकीत तसा ठराव करावा. ऐन उन्हाळा, गर्दी, आवाज, यात जनावर आणि लहान मुले दोघांनाही धोका. रथ ट्रॅक्टरवर ओढता येतो.

तिसरे, जोवर घोडे कामावर आहेत तोवर वरचे नियम पाठ ठेवावेत. भर दुपारी जुंपलेले किंवा जखमी जनावर दिसले तर आधी त्याला पाणी पाजावे, चालकाशी माणुसकीने बोलावे, ऐकले नाही तर पोलिसांना कळवावे. सहलीला गेल्यावर लंगड्या घोड्यावर पोराला बसवू नये.

चौथे, आणि हे सर्वांत महत्त्वाचे. नगरपालिकेत, आमदारांकडे, पर्यटनाच्या बैठकीत "घोडे बंद करा" एवढीच मागणी कधीही करू नये. मागणी नेहमी जोडीने करावी. आधी मालक आणि चालक या दोघांची यादी करा, परवाने आणि कर्ज द्या, म्हाताऱ्या घोड्यांना चारा-पाणी मिळेल अशी जागा ठरवा आणि मग तारीख ठरवून घोडे थांबवा. यादीत नोकर माणसाचे नाव नसेल तर ती यादी परत पाठवा.

आम्ही त्या घोडेवाल्याला पुन्हा भेटलो. गुडघा बरा झाला होता. ई-रिक्षाचा विषय काढला तर तो म्हणाला, "मिळाली तर उद्या सोडतो हो. पण ह्याला विकला तर दुसरा कोणीतरी ह्याला जुंपणारच. ते बघवायचं नाही." आमच्या ओळखीच्या एका पतसंस्थेत त्याच्या कर्जाचा अर्ज आम्ही भरून दिला आहे. जामीनदार म्हणून सही केली आहे. घोड्याचे काय करायचे याची विचारपूसही चालू आहे. फार मोठे काम नाही हे, पण सुरुवात आहे.

दिवाळीनंतर आमच्या मूळ गावी, कोरेगाव तालुक्यात, घरातले दुसरे लग्न निघाले. घोड्याचा विषय निघाला तेव्हा सगळ्यांनी आत्याबाईंकडे पाहिले. मिरजेच्या त्या घोड्याचा गुडघा त्यांनीही पाहिला होता. बराच वेळ त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "नको घोडं. पण चोरावाणी मागल्या अंगानं जायचं न्हाई. वेशीतनं जायाचं, मधल्या रस्त्यानं, मान वर करून."

नवरानवरी तशीच गेली. पुढे आत्याबाई काठी टेकत चालल्या होत्या.

जयभीम.